रगसॅक, रकसॅक, हॅवरसॅक: पाठीवरच्या पिशवीचं खरं नाव काय?

आडवाट

परवा ट्रेकची बांधाबांध करताना आमच्यात जुंपली. गटातला एकजण छातीठोकपणे म्हणाला, "हिला रगसॅक म्हणतात. दिवसभर पाठीवर असली की खांद्याला रग लागते, म्हणून रगसॅक." मी आजवर रकसॅक म्हणत आलोय. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ दादा हॅवरसॅक म्हणतात आणि दुसरं काही म्हणू देत नाहीत. नवी पोरं बॅकपॅक म्हणतात. आणि घाई असली की सगळेच "ए, माझी सॅक दे" वर येतात.

एकाच पिशवीची ही चार नावं, की पिशव्याच चार? आणि हे शब्द आले कुठून? रगेची व्युत्पत्ती मला पटली नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नव्हतं. जाणकारांनी मदत करावी.

फुकटचंबू

रगेची व्युत्पत्ती शंभर टक्के खरी. माझा डावा खांदा साक्षीला आहे.

दोन_टिंबं

सध्या जर्मन शिकतेय, म्हणून धाडस करते. शब्द जर्मन आहे आणि त्यांचा उच्चार रुकझाक असा होतो, शब्दाच्या सुरुवातीला, स्वराआधी आलेल्या स चा ते झ करतात. झाक म्हणजे पोतं, पिशवी. रुक म्हणजे झटका, हिसका. म्हणजे झटक्यात उचलून पाठीवर टाकायची ती रुकझाक. मला तरी हे पटतं, भरलेली सॅक दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पाठीवर जातच नाही.

कोशकीटक

ताई, शब्द जर्मन हे बरोबर, पण झटका नव्हे. तो प्रमाण जर्मनमधला दुसराच रुक. नेमकं सारखं दिसतं म्हणून फसायला होतं.

जर्मनमध्ये पाठीला म्हणतात ऱ्युकेन. त्यातला स्वर उच्चारायचा तर ओठ उ चे ठेवायचे आणि आतून इ म्हणायचं. लिहिताना त्या अक्षरावर दोन टिंबं येतात (तुमचं नाव वाचून बरं वाटलं). पाठ, मागे, परत यांच्याशी नातं सांगणारे तिथले शब्द बघा: पाठीचा कणा, मागची बाजू, परतीचा प्रवास. सगळ्यांवर टिंबं आहेत. मग पाठीवरच्या पिशवीचीच टिंबं कुठे गेली?

ती डोंगरात नव्हतीच. दक्षिणेकडच्या, आल्प्सच्या बाजूच्या जर्मन बोलींत 'क्क' च्या आधीचा उ बदललाच नाही. तिथे पाठ म्हणजे रुकेन, टिंबांशिवाय. नकाशावरसुद्धा हे दिसतं. पुलावरून नाव पडलेलं उत्तरेकडचं शहर ओस्नाब्र्युक, आणि इन नदीवरच्या पुलावरून नाव पडलेलं आल्प्समधलं शहर इन्सब्रुक. पूल तोच, टिंबं गेली. आणखी एक गंमत म्हणजे जर्मनमध्ये दाबणे हे ड्र्युकेन आणि छापणे हे ड्रुकेन. मूळ क्रियापद एकच, पण छपाईचा शब्द दक्षिणेकडच्या रूपात प्रमाण भाषेत शिरला.

तेव्हा हरवलेली टिंबं हाच या शब्दाचा जन्मदाखला समजा. तो डोंगरातल्या माणसांच्या तोंडचा आहे. सपाटीवरच्यांनी पिशवी घेतली तेव्हा तिचं नावही डोंगरी उच्चारासकट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज गिर्यारोहक आल्प्स चढायला जाऊ लागले. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ चा, मॅटरहॉर्नवर पहिली यशस्वी चढाई १८६५ ची. त्याच सुमारास हा शब्द इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे.

दोन_टिंबं

शिकवणीत हे कुणी सांगितलं नव्हतं. झटका परत घेते.

सातासमुद्रापलीकडे

कोशकीटक काका, टिंबांवरून आठवलं. रशियनांनी हाच शब्द उचलला, पण तिथे तो ऱ्युकझाक आहे, टिंबांचा उच्चार शाबूत. जपान्यांनीही ऱ्युक्कुसाक्कु केला. डचांनी आपल्या भाषेतली पाठ घातली. त्यांच्याकडे पाठ म्हणजे रुग, म्हणून रुगझाक. तेव्हा आडवाट, तुमच्या त्या मित्राला सांगा की त्याचा रगसॅक डच माणसाला बहुतेक कळेल. कारण मात्र रग नव्हे.

हंगेरियनमध्ये तर पाठीलाच हात म्हणतात, त्यांची ही पिशवी हातिझाक! फ्रेंचमध्ये सरळ 'पाठीची पिशवी', पोलिशमध्ये पाठीच्या शब्दालाच प्रत्यय लावून प्लेत्साक.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जपानची. ऱ्युक्कुसाक्कु रोजच्या बोलण्यात लांब पडतो म्हणून तिथले लोक नुसतं ऱ्युक्कु म्हणतात. त्यांनी पिशवी टाकली आणि पाठ ठेवली. आपण बरोबर उलटं केलं, पाठ टाकली आणि सॅक ठेवली.

फुकटचंबू

पुढच्या वेळी कुणी "सॅक दे" म्हणालं तर "पाठ कुठाय?" विचारणार.

आडवाट

व्वा, एका रात्रीत एवढं! रकसॅकचं समजलं. पण आमचे दादा हॅवरसॅकवर अडून आहेत. त्यातला 'हॅवर' काय?

मोडीवाचक

दादांना जरा जपून सांगा. हॅवर म्हणजे ओट, घोड्याचा खुराक.

जर्मनमध्ये ओटला हाफर, जुन्या आणि बोलीतल्या रूपात हाबर. हाबरझाक म्हणजे घोडदळाच्या स्वारांची घोड्याचे ओट ठेवायची पिशवी. फ्रेंचांनी तिचं आव्रसाक केलं आणि अठराव्या शतकात इंग्रजीत ती हॅवरसॅक झाली. तोवर घोडा बाजूला पडून शिपायाचीच शिदोरी तिच्यात आली होती. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बोलीतही ओटला हॅवर म्हणत, म्हणून तिथे तर शब्द घरचाच वाटला असेल.

आपल्याकडे या वस्तूला नेमका शब्द आहे: तोबरा. घोड्याच्या तोंडाला दाणा भरून बांधतात ती पिशवी. तोही फारसीतून आलेला, आणि तुर्कीतली तोरबा, म्हणजे पिशवी, त्याच्याच नात्यातली. घोडे गेले, तोबरा राहिला तो "तोंडात तोबरा भरून बोलू नकोस" एवढ्यापुरता. तर अर्थ लावायचा झाला तर तुमचे दादा पाठीला तोबरा लावून डोंगर चढतात.

आडवाट

हे मी त्यांना सांगणार नाही. तुम्हीच या सांगायला.

कोशकीटक

मोडीवाचक, क्या बात है. भर घालतो. जर्मन शिपायाच्या पाठीवरच्या कडक पिशवीला टॉर्निस्टर म्हणतात. तो शब्द स्लाव्ह भाषांमधून आला आणि त्याच्या मुळाशी मध्ययुगीन ग्रीकमधला तागिस्ट्रॉन आहे. अर्थ? जनावराच्या वैरणीची पिशवी. दोन वेगळ्या वाटांनी दोन शब्द शिपायाच्या पाठीवर पोचले, आणि दोन्हींचा उगम घोड्याच्या तोंडापाशी.

कमरपट्टा

शब्द कुठलाही असो, वापराचं बोला. मी जेव्हापासून डोंगरात जातोय तेव्हापासून हॅवरसॅक म्हणजे मोठी, पन्नास लिटरच्या पुढची, कमरपट्ट्याची पिशवी. एका दिवसाची असेल ती नुसती सॅक. सगळे ट्रेकर हेच म्हणतात.

मोडीवाचक

म्हणतात हे मान्य, पण ते मूळ अर्थाच्या बरोबर उलटं आहे. हॅवरसॅक लहान असे, एकाच पट्ट्याची, एका खांद्यावरून तिरकी घेऊन दुसऱ्या बाजूच्या कमरेशी लोंबणारी. पाठीवर जायची ती नॅपसॅक. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या शिपायाकडे दोन्ही असत. हॅवरसॅकमध्ये खाणं आणि नॅपसॅकमध्ये कपडे, पांघरूण.

त्यातही मेख आहे. नॅपसॅक हा शब्द डच आणि उत्तर जर्मनीकडचा. त्यातला नॅप बहुतेक क्नापेन वरून आलाय, म्हणजे कुरतडणे, चावून खाणे. म्हणजे नावाने खाऊची पिशवी असलेलीत कपडे, आणि घोड्याच्या दाण्याच्या पिशवीत माणसाचं जेवण.

कमरपट्टा

मग आता मी काय करू? तीस वर्षांची सवय मोडू? लोक ज्याला जे म्हणतात तो त्याचा अर्थ. इंग्रजांनी ओट काढून भाकरी भरली तेव्हा कुणी विचारलं नाही. आम्ही भाकरी काढून स्लीपिंग बॅग भरली तर लगेच व्याकरण.

कोशकीटक

कमरपट्टा यांच्याशी मी सहमत आहे. मूळ अर्थ माहीत असावा, पण त्याची छडी करू नये.

बांधावरून

धाग्याशी संबंध नसेल तर सोडून द्या. वर नॅपसॅक वाचून दचकलो. आम्हा शेतकऱ्यांना हा शब्द पाठ आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाला नॅपसॅक पंपच म्हणतात, सोळा लिटरचा, हाताने दांडा मारायचा किंवा बॅटरीचा. आजवर वाटायचं की हे कंपनीने ठेवलेलं नाव असेल. त्याचा अर्थ खाऊची पिशवी निघाला, आणि आम्ही त्यात विष भरतो.

दोन_टिंबं

संबंध कसा नाही? आतापर्यंतचा सगळ्यात जड प्रतिसाद हाच. सोळा लिटर म्हणजे सोळा किलो पाणी, वर पंपाचं वजन.

शून्यएक

नॅपसॅकचं नाव निघालंच आहे तर आमच्या संगणकवाल्यांचाही हक्क सांगतो. आमच्याकडे नॅपसॅकचं कोडं प्रसिद्ध आहे. पिशवी ठरावीक वजनच पेलते, प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि मोल आहे. कुठल्या घेतल्या तर एकूण मोल जास्तीत जास्त?

वाटतं सोपं. किलोमागे मोल जास्त असलेली वस्तू आधी घ्या, झालं. तसं होत नाही. समजा पिशवी १० किलोची. एक वस्तू ६ किलोची, मोल ९. दोन वस्तू ५-५ किलोच्या, मोल प्रत्येकी ७. किलोमागे पहिली सरस, म्हणून ती उचललीत की उरलेल्या ४ किलोंत दुसरी बसतच नाही. हाती ९. तीच सोडून दिली असती तर १४. वस्तू वाढल्या की शक्यता दुपटीने वाढत जातात. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी ज्या २१ अवघड कोड्यांची एकमेकांशी नाती दाखवली, त्या यादीत हे होतं.

आणि धाग्याच्या कामाचं म्हणजे जर्मन लोक या कोड्याला नॅपसॅक म्हणत नाहीत, रुकझाकचं कोडं म्हणतात.

फुकटचंबू

बायको हे कोडं रोज सोडवते आणि उरलेल्या ४ किलोंत माझं सामान बसवते.

सातासमुद्रापलीकडे

असं प्रत्येक भाषा आपापली पिशवी घालून घेते. प्रत्येक शिपायाजवळ सेनापतीचा दंड असतो, अर्थात कुणीही वर चढू शकतो, हे नेपोलियनच्या नावावर खपणारं वचन फ्रेंचमध्ये काडतुसांच्या पेटीबद्दल आहे. इंग्रजीत तो दंड नॅपसॅकमध्ये गेला आणि जर्मनमध्ये टॉर्निस्टरमध्ये.

ब्रिटिश सैन्यात मोठ्या रकसॅकला बर्गन म्हणतात, तेही इथे नोंदवून ठेवतो. नॉर्वेच्या बर्गन शहरावरून नाही, ओले बर्गन या नॉर्वेजियन माणसाच्या आडनावावरून. शिकारीच्या वेळी पाठीवरची पिशवी टोचायला लागली म्हणून त्याने फांदी पाठीच्या आकारात वाकवून आत घातली. १९०९ मध्ये त्या सांगाड्याचं पेटंट घेतलं.

खडूफळा

शिक्षिका आहे, त्यामुळे मला पाठीवरची एकच पिशवी दिसते: दप्तर. त्याचा प्रवासही याच धाग्यात शोभेल.

दप्तर फारसीतून आलं, दफ्तर, म्हणजे नोंदींची वही, कागदपत्रं. त्याच्या मागे ग्रीक डिफ्थेरा आहे, कमावलेलं कातडं, ज्यावर पूर्वी लिहीत. मराठीत दप्तर आधी कागदांचं होतं. ते फडक्यात बांधून ठेवायचे तर ते रुमालासकट दप्तर झालं. मग वह्या-पुस्तकं घेऊन मुलं शाळेत निघाली आणि शेवटी पिशवीचंच नाव दप्तर पडलं. आज रिकामी पिशवी दाखवून आपण म्हणतो, "दप्तर रिकामं आहे." मूळ अर्थ धरला तर ते दप्तरच नाही.

याच डिफ्थेरावरून डिप्थेरिया, आपला घटसर्प. त्या आजारात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. दप्तर आणि घटसर्प सख्खी भावंडं, हे वर्गात सांगितलं तर मुलांना अजिबात आश्चर्य वाटत नाही.

मोडीवाचक

वा, बाई! हॅवरसॅकचीच गोष्ट. आतल्या वस्तूचं नाव पिशवीला चिकटलं आणि वस्तू निघून गेली.

आडवाट

मग आता एकच उरलं, आपण रोज म्हणतो ते 'सॅक'. तेही जर्मनच का?

कोशकीटक

नाही, ते खूप जुनं आहे आणि युरोपातलंही नाही. लॅटिन साक्कुस, त्याआधी ग्रीक साक्कोस, आणि ग्रीकांनी घेतला सेमिटिक भाषांतून. हिब्रूत साक म्हणजे केसांचं जाडंभरडं कापड आणि त्याचं पोतंही. बायबलातल्या योसेफाच्या गोष्टीत धाकट्या भावाच्या धान्याच्या पोत्यात चांदीचा पेला लपवतात, ते पोतं सगळ्या युरोपभर वाचलं गेलं. त्यामुळेही हा शब्द गावोगाव पोचला असं मानतात. शाम्पूचं सॅशे हे याच शब्दाचं फ्रेंच धाकटं रूप, चिमुकली सॅक.

उलट्या दिशेचा प्रवासही सांगतो. आपली गोणी. संस्कृतातही गोणीच, पाणिनीच्या सूत्रात ४.१.४२ ला ती भरायच्या पोत्याच्या अर्थाने येते. इंग्रजांनी तिचं गनी बॅग केलं. त्यांनी आपली गोणी नेली, आपण त्यांची सॅक घेतली.

कमरपट्टा

फिटंफाट.

खडूफळा

एवढं सगळं झालं, पण मराठी शब्द कुणीच सुचवला नाही. पाठपिशवी कसा वाटतो?

मोडीवाचक

पडशी आहे की. अस्सल मराठी, प्रवासाचीच पिशवी.

कोशकीटक

पडशीला तोंड मध्ये असतं, दोन्हीकडे कप्पे आणि ती खांद्यावर टाकायची, एक कप्पा पुढे, एक मागे. दोन पट्टे घालून पाठीला बांधलेल्या पिशवीला पडशी म्हटलं तर पुन्हा हॅवरसॅकचाच घोळ. पाठपिशवी समजते, पण तोंडात रुळत नाही. भाषांतर केल्याचा वास येतो.

बांधावरून

आमच्याकडे लेकराला पाठीवर घेतात त्याला पाठुंगळी घेणं म्हणतात. लेकरू खांद्यावरून हात टाकतं, पाय कमरेला आवळतं. वर कमरपट्ट्याच्या सॅकचं चाललंय, ती पाठीला अशीच बसते ना? मग पाठुंगळीच म्हणा.

दोन_टिंबं

पाठुंगळी!! हा शब्द मी उद्यापासून वापरणार. यात पाठही आहे आणि ओझ्याची मायाही आहे.

कमरपट्टा

छान आहे, पण डोंगरात मागून "ए, तुझी पाठुंगळी उघडी आहे" असं ओरडून बघा. तोवर सामान दरीत.

सातासमुद्रापलीकडे

माणसावरून नाव पडायला हरकत नसावी. स्पॅनिशमध्ये हिला मोचीला म्हणतात. मोचील म्हणजे निरोप-सामान पोचवणारा पोऱ्या, आणि तो शब्द बास्क भाषेतल्या 'मुलगा' वरून आला. पोऱ्या जे पाठीवर घेऊन पळायचा ते झालं मोचीला. तुमच्या पाठुंगळीतही मूलच आहे.

शून्यएक

माझा एक साधा प्रश्न आहे. सॅक ती का? जर्मनमध्ये झाक पुल्लिंगी आहे.

कोशकीटक

मराठीत आली ती पिशवीच्या जागी, म्हणून पिशवीचं लिंग घेतलं. बॅगही तशीच ती झाली. शब्द घरात आला की घरातल्या जुन्या शब्दाची जागा आणि रीत दोन्ही उचलतो. अनेकवचनही आपलंच, "सॅका भरल्या का?" यातला 'सॅका' जगात दुसऱ्या कुठल्या भाषेला समजणार नाही.

आडवाट

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बांधाबांध होती. रगसॅकवाल्या मित्राला डच लोकांचं सांगितलं, तर तो जिंकल्यासारखाच वागतोय. टिंबांचं त्याने ऐकूनच घेतलं नाही.

दादांना मात्र धीर करून ओटचं आणि तोबऱ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सॅकचा पट्टा ओढला आणि म्हणाले, "ठीक आहे. हॅवरसॅकच म्हणायचं. आणि घोड्यांनो, आवरा आता, साडेचारला निघायचंय."